नाव बदलून वाढलेला घास

मृगाची पहिली दमदार सर कयाधूच्या खोऱ्यावर कोसळून गेली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीच्या आसपासच्या कोणत्याही खेड्यात उकिरड्याच्या कडेला, न्हाणीच्या सांडपाण्यापाशी आणि गोठ्यापुढच्या ओल्या अंगणात जी तांबूस गांडुळे वळवळताना दिसतात, त्यांच्याकडे पाहून शेतकरी मनातल्या मनात समाधान पावतो, कोंबडी मान पुढे काढून धावत येते, शाळकरी पोर गळासाठी रिकामा डबा शोधू लागते, आणि घरची बाई मात्र नाक मुरडून खराट्याने ती बाजूला सारते. एकाच क्षुद्र जीवाकडे पाहण्याच्या या चार दृष्टी झाल्या. परंतु पाचवी दृष्टी, म्हणजे हा जीव मनुष्याच्या पोटात अन्न म्हणून जाऊ शकेल काय आणि गेल्यास त्यापासून त्याला कितपत पोषण लाभेल ही जिज्ञासा, आमच्या मुलखात कोणाच्या स्वप्नातही येत नाही. ती कोणी बोलून दाखवलीच, तर लोक त्याला एक तर वेडा समजतील किंवा वैद्य समजतील. यांपैकी दुसरी समजूत अधिक सयुक्तिक ठरावी. कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील एका थोर वैद्यकग्रंथाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि ते देताना त्याने जी युक्ती सुचवली, तीच युक्ती आमची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या नकळत वापरीत आली आहे.

आरंभ नावापासून करणे सोयीचे. गांडुळाला प्रांतपरत्वे दानवे, वाळे, शिदोड, काडू अशी निरनिराळी नावे आहेत. संस्कृतात त्याला गंडूपद, किंचुलक, भूनाग म्हणतात, आणि ‘महीलता’ असे एक विलक्षण सुंदर नावही त्याला लाभले आहे. जमिनीची वेल! ज्याने हे नाव प्रथम योजले, त्याला या प्राण्याची किळस आली नसावी एवढे तरी निश्चित. अमरसिंहाने आपल्या कोशात ही नावे नोंदताना त्यांना भूमिवर्गात स्थान दिलेले नाही; मासे, कासव, मगर, जळू यांच्या पंक्तीत, म्हणजे वारिवर्गात, त्यांना बसवले आहे. जन्मभर मातीत राहणाऱ्या जीवाला जलचरांत ढकलणारा हा कोशकार प्रथमदर्शनी चुकल्यासारखा वाटतो. परंतु गांडुळाला फुप्फुस नसते, ते ओल्या त्वचेनेच श्वास घेते आणि त्वचा सुकली की गुदमरून मरते, हे प्राणिशास्त्राचे म्हणणे ध्यानी घेतले असता अमरसिंहाची वर्गवारी अगदीच अनाठायी नव्हती, असे म्हणावे लागते. गांडूळ मातीत राहते हे खरे, पण जगते ते पाण्यावर. पुढे दुष्काळाचा विषय निघेल तेव्हा या गोष्टीची आठवण ठेवावी लागेल.

आता वैद्याकडे वळू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याचा, म्हणजे आपण ज्याला क्षय म्हणतो त्या व्याधीचा, एक विस्तृत अध्याय आहे. रोग्याचे मांस झडून गेले आहे, हाडांवर कातडे उरले आहे, अशा अवस्थेत त्याचे शरीर भरून यावे कसे, हा तेथील प्रश्न; आणि मांसाने मांस वाढते, त्यातही मांसभक्षक प्राण्यांचे मांस विशेष बृंहण करणारे असते, हा तेथील सिद्धान्त. परंतु सिद्धान्त कितीही निर्दोष असला तरी गिधाड, घुबड आणि कावळा यांचे मांस समोर आले असता मरणोन्मुख रोगीसुद्धा तोंड फिरवतो, ही अडचण त्या व्यवहारचतुर ग्रंथकाराने ओळखली होती. म्हणून त्याने वैद्याला असा सल्ला दिला की, गिधाड आणि घुबड मोराच्या नावाने द्यावे, कावळा तित्तिराच्या नावाने द्यावा, कोल्ह्याची पिले, मांजर आणि मुंगूस सशाच्या नावाने द्यावे, साप वर्मी नावाच्या माशाच्या नावाने द्यावा. आणि गांडुळे चांगली परतून मत्स्यांत्राच्या, म्हणजे माशाच्या आतड्याच्या, नावाने वाढावी. कारणही त्याने तेथेच सांगून टाकले आहे. जे मांस खाण्याचा सराव नाही ते मनाला नको वाटते. ते काय आहे हे कळले तर रोगी किळसेने खाणारच नाही, आणि खाल्ले तरी ओकून टाकील. सबब ते सोंग देऊन, बेमालूम शिजवून, रोग्याच्या पोटात सुखरूप उतरवावे.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या संपादनाखाली १९४१ साली काढलेली चरकाची प्रत पुष्कळ वैद्यांच्या कपाटात असते. तीत हा मजकूर जसाच्या तसा आहे, आणि तरीही आजचे वैद्य या पानावर फारसे रेंगाळत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. मला मात्र या उताऱ्यात गांडुळापेक्षाही ती युक्ती अधिक मोलाची वाटते. पदार्थाचा गुण पदार्थात असतो, परंतु त्याला अन्न म्हणावे की नाही हे ठरते ते नावावर आणि सवयीवर, हा विचार इतक्या रोकड्या भाषेत मांडणारे दुसरे जुने शास्त्र माझ्या पाहण्यात नाही. परतलेले गांडूळ माशाच्या बारीक आतड्यासारखे दिसते, या निरीक्षणामागे ज्याने कढई स्वतः पाहिली आहे अशा माणसाचा डोळा आहे. अमरसिंहाने ज्याला माशांच्या पंक्तीत बसवले, त्याला चरकाने माशाच्याच नावाने ताटात बसवले, हा योगायोग गमतीचा खरा.

पुढील काळात रसशास्त्राच्या ग्रंथकारांनी भूनागाला भट्टीत घातले आणि त्याच्यापासून ताम्रासारखे ‘भूनागसत्त्व’ काढण्याच्या कृती लिहून ठेवल्या. त्या कृतींत पोषणाचा विचार नसून धातूचा विचार आहे. परंतु मातीतील सूक्ष्म खनिजद्रव्ये या प्राण्याच्या अंगी साठतात ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली असावी, असे त्यावरून दिसते. निजामी अमलात, म्हणजे हिंगोली ही जेव्हा परभणी जिल्ह्याची एक तहसील होती आणि कंटिंजंट फौजेच्या छावणीमुळे तिचे नाव दूरवर ठाऊक होते तेव्हा, ज्या युनानी चिकित्सेला हैदराबादेत राजाश्रय होता, तिच्याही औषधसंग्रहात ‘खरातीन’ या नावाने वाळवलेले गांडूळ आहे. सारांश, वैद्याने, रसशास्त्रज्ञाने आणि हकिमाने गांडुळाला आपापल्या बटव्यात जागा दिली. चुलीने मात्र ती कधी दिली नाही.

चुलीने नाकारलेल्या या पदार्थाचे मोल आधुनिक पोषणशास्त्राने कसे ठरवले, तेही पाहणे अवश्य आहे. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशात ओरिनोको नदीच्या उगमाकडील अरण्यात येक्वाना नावाची जमात राहते. हे लोक दोन जातींची मोठी गांडुळे आवडीने खातात. एक जात ओढ्याकाठच्या चिकणमातीत सापडते, तिला ते ‘मोत्तो’ म्हणतात, आणि दुसरी डोंगरातील रानात सापडते, तिला ‘कुरू’ म्हणतात. गांडुळाचे पोट चिरून आतील माती काढून टाकायची, ते ऊन पाण्यात बुचकळायचे आणि मग तसेच किंवा धुरावर वाळवून खायचे, अशी त्यांची रीत आहे. आणि धुरावलेले गांडूळ हे त्यांच्याकडे गरिबाचे निर्वाहसाधन नसून मानाचे पक्वान्न आहे. इटालियन शास्त्रज्ञ मावरित्सिओ पाओलेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली या गांडुळांचे पृथक्करण प्रसिद्ध केले, तेव्हा कोरड्या वजनात प्रथिनांचे प्रमाण शेकडा ६४.५ ते ७२.९ इतके भरले, आणि लोह व कॅल्शियमही भरपूर आढळले. न्यूझीलंडचे माओरी लोकही काही जातींची गांडुळे खात असत आणि त्यांतील काही तर नायकांसाठी राखून ठेवीत. जे आमच्या अंगणात खराट्याचे धनी, ते दूरच्या बेटावर सरदारांच्या पंक्तीचे मानकरी!

परंतु आकडा मोठा दिसला म्हणून भारावून जाणे हिशोबी माणसाला शोभत नाही. हे प्रमाण कोरड्या वजनाचे आहे, आणि जिवंत गांडुळात सुमारे शेकडा ८० भाग पाणीच असते. म्हणजे १०० ग्रॅम ओल्या गांडुळांपासून १३-१४ ग्रॅम प्रथिने मिळतील. आणि आमच्याकडच्या सामान्य गांडुळाचे वजन ग्रॅमभर धरले, तरी त्यासाठी शंभर जीव वेचावे, चिरावे आणि धुवावे लागतील. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १०.४ ग्रॅम आणि तितक्याच तूरडाळीत २२.३ ग्रॅम प्रथिने दाखवली आहेत. तेव्हा १०० ग्रॅम तूरडाळीची बरोबरी करण्यास दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम गांडुळे लागतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचे एक आवश्यक द्रव्य कमी पडते, गांडुळात ते विपुल असते, हे खरे. परंतु ते तुरीतही असते, आणि आमच्या शेतकऱ्याने ज्वारीच्या काही काकरांनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची चाल पोषणशास्त्राचे नाव निघण्यापूर्वीच पाडलेली होती. भाकरी आणि वरण यांची ही जोडी जेथे ताटात नित्य नांदते, तेथे गांडुळाने भरून काढावी अशी उणीव त्या ताटात फारशी उरतच नाही. उणीव होती ती ताटच रिकामे राहण्याची.

शिवाय या पदार्थाला काही दोषही आहेत, आणि ते सांगितल्यावाचून गुणवर्णन पुरे होत नाही. गांडुळाच्या आतड्यात नेहमी माती असते. ती काढली नाही तर खाणाराच्या दातांखाली ती कचकचते आणि तिच्यातील जंतू पोटात जातात. काही परोपजीवी कृमींची अंडी व पिले गांडुळातून पक्ष्यांच्या आणि डुकरांच्या शरीरात शिरतात, म्हणून ते कच्चे खाणे धोक्याचे. जेथे माती दूषित असेल तेथे शिसे, कॅडमियम यांसारखे धातू त्याच्या अंगी साठतात; भूनागापासून धातू काढू पाहणाऱ्या रसवैद्यांची दृष्टी या बाबतीत अगदी फुकट गेली नाही म्हणायची. सारांश, स्वच्छ मातीतील, पोट साफ केलेले आणि नीट शिजवलेले गांडूळ पौष्टिक खरे, परंतु ते स्वस्तही नाही आणि बिनधोकही नाही.

येथे कोणी म्हणेल की, नित्याच्या दिवसांत नसेल, परंतु दुष्काळात तरी या मांसाचा आधार लोकांनी का घेतला नाही? मराठवाड्याने दुष्काळ थोडे पाहिलेले नाहीत. १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ, १८९९-१९०० चा त्याहून भीषण दुष्काळ आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून अद्यापि ऐकू येणारा १९७२ चा दुष्काळ, अशी ही मालिका आहे. बहात्तर साली हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके परभणी जिल्ह्यात होते. लोक खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर जात, तेथे वाटली जाणारी गूळमिश्रित सुकडी पोरांच्या हातावर ठेवीत, रेशनच्या दुकानावरची मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी दळून आणीत. आणि ज्यांना तेही मिळाले नाही त्यांनी बरबड्याच्या बियांच्या भाकरी केल्या, तरोट्याचा पाला शिजवला, जे हिरवे दिसेल ते खुडले. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, हे तर त्या वेळची माणसे आजही सांगतात. पोषणाच्या दृष्टीने ती आपल्या ज्वारीची सख्खी बहीणच. पण नाव परके, रंग परका, आणि मूळ गुराढोरांना घालायचे धान्य अशी तिची ख्याती, एवढ्याने ती पंक्तीबाहेरची ठरली. चरकाने सांगितलेला नियम असा एका धान्याच्या बाबतीतही खरा ठरला.

गांडुळाच्या बाबतीत मात्र किळस हे दुय्यम कारण होय. मुख्य कारण काळ्या जमिनीच्या स्वभावात आहे. पाणी आटले की ही जमीन आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि तिच्यातील गांडुळे ओलीच्या शोधात खाली खाली जाऊन, अंगाची गाठ मारून, निपचित पडून राहतात. ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षी गांडूळही नाही. ओरिनोकोच्या काठचे लोक ज्या चिखलातून बारमाही गांडुळे उपसतात तसा चिखल आमच्या दुष्काळात शोधूनही सापडत नसे. मनुष्य आणि गांडूळ दोघेही एकाच पाण्यावर जगणारे, म्हणून एक उपाशी मरू लागला की दुसराही नाहीसा होतो. उलट आषाढ-श्रावणात, पेवातले धान्य सरत आलेले असते आणि नवे पीक हाती यायचे असते तेव्हा, जमिनीत गांडुळांची रेलचेल असते खरी. परंतु त्याच पावसाने बांधावर तरोटा, घोळ, कुंजर, माठ अशा रानभाज्यांचीही रेलचेल केलेली असते, आणि ज्याला कोवळी भाजी हाताशी आहे तो माती उकरून शंभर जीव कशाला वेचील? अमरसिंहाने गांडुळाला वारिवर्गात घातले तेव्हा मराठवाड्याच्या दुष्काळाचा विचार त्याच्या मनात असणे शक्य नव्हते. परंतु तो दुष्काळ समजून घेण्यास त्याच्यासारखा मार्गदर्शक नाही.

यावर लोकांच्या आचारधर्माचा पगडाही होताच. कयाधूच्या काठी नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूज्य मानले जाते. या पट्ट्यात गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस मासळीलाही शिवत नाही, तेथे गांडुळाची गोष्टच नको. औंढा नागनाथाच्या टापूत शिरड शहापूरचे जैन मंदिर आहे, आणि जैनांच्या जीवविचारात कृमी हा द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि रस ही दोनच इंद्रिये असलेला, जीव गणला आहे. गमतीची गोष्ट अशी की, चार्ल्स डार्विनने आपल्या घरातल्या कुंड्यांत गांडुळे पाळून त्यांच्यापुढे पियानो वाजवला, बसून नावाचे फुंकवाद्य वाजवून घेतले, आणि ती ठार बहिरी असून स्पर्शाला मात्र अत्यंत सजग असतात, व कोबी, गाजर, कांदा यांच्या पानांत निवड करण्याइतकी त्यांना चवही असते, असा निष्कर्ष काढला. प्रकाशाची थोडी जाणीव आणि गंधाची अंधुक चाहूल त्याने आणखी मान्य केली; एरवी जैन शास्त्रकार आणि इंग्रज निसर्गवेत्ता यांचा पाहणीअहवाल पुष्कळसा जुळतो.

हे सर्व खरे असले तरी गांडुळाचे मांस माणसाच्या पोटात कधीच गेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ते गेले, पण एका मध्यस्थामार्फत. पावसाळ्यात पोरे न्हाणीमागची ओल खुरप्याने उकरतात, डब्यात मूठभर माती घालून तीत गांडुळे ठेवतात, म्हणजे ती मरत नाहीत. आणि मग कयाधूच्या किंवा पूर्णेच्या डोहावर जाऊन काठीच्या टोकाला बांधलेल्या दोरीच्या गळात एक गांडूळ असे काही ओवतात की, गळाचे टोक झाकले जावे पण शेपटीचा तुकडा वळवळता राहावा. पट्टीचा पोर सबंध गांडूळ एका गळाला कधी लावीत नाही. त्याचे दोन तुकडे करून दोन मासे काढतो. शिंगी किंवा वाम गळाला लागली की गांडुळाचे काम संपले, आणि संध्याकाळी कालवणाच्या रूपाने तेच पुन्हा घरात आले. चरकाने गांडूळ माशाच्या नावाने वाढावयास सांगितले. नदीकाठच्या पोराने ते खरोखरच मासा करून वाढले. फसवणूक नाही, आणि किळसही नाही.

परंतु हा मार्ग नदीकाठच्या मासे खाणाऱ्या घरापुरता. सर्व गावाला पोसणारा मार्ग निराळा होता, आणि तो सरकारी दफ्तरात कोठेच नोंदला गेला नाही. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ साली जिलाबंदी करून हैदराबाद राज्याचे जिल्हे आणि तालुके बांधले. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पैमाईश व प्रतवारी झाली. मोजणीदार शेतात खड्डा घेई, मातीचा रंग पाही, खोली मोजी, आणि सोळा आण्यांतून जमिनीची किंमत ठरवताना चुनखडी, रेती, उतार, पाणथळपणा असे एकेक दोष धरून आणे वजा करी. दोष इतक्या बारकाईने टिपणाऱ्या त्या प्रतबुकात गांडुळासाठी मात्र रकाना नव्हता. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट या प्रत्येकाचा हक्क बांधलेला असे आणि खळ्यावर रास झाली की ज्याची त्याची पेंढी त्याला मिळे. मातीची मशागत करणारा हा बिनहाताचा बलुतेदार मात्र ना वतनात ना हक्कात. तो रात्री वर येई, पालापाचोळा ओढून बिळात नेई, माती गिळून तिची बारीक विष्ठा वर टाकी, जमिनीत हवापाण्याला वाटा करून देई, आणि उजाडायच्या आत नाहीसा होई.

त्याचा हिशोब प्रथम लावला तो इंग्लंडात. डार्विनने १८८१ साली, मृत्यूच्या सुमारे सहा महिने आधी, गांडुळांवरचे आपले शेवटचे पुस्तक प्रसिद्ध केले. गांडुळे एकरी दहा टनांहून अधिक माती दरसाल गिळून वर आणतात, हे त्यात त्याने मोजमापानिशी दाखवले. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक डॉ. किंग यांनी पाठवलेल्या हिंदुस्थानातील मनोऱ्यासारख्या विष्ठांचेही वर्णन त्यात आहे. नांगर हा माणसाचा जुना शोध खरा, परंतु माणसाच्या कितीतरी आधीपासून गांडुळे जमीन नांगरीत आली आहेत, असा त्याच्या विवेचनाचा भावार्थ. त्या वर्षी हैदराबादेत सालारजंग अद्यापि दिवाण होता आणि हिंगोलीच्या छावणीत कवायती चालू होत्या. तिकडे एक वृद्ध शास्त्रज्ञ ज्या जिवाच्या कामाची टनावारी मोजीत होता, त्या जिवाच्या श्रमावर इकडे वसूल भरला जात होता, ही गोष्ट दोन्हीकडच्या कोणाच्याही गावी नव्हती.

तो रकाना आमच्याकडे उघडला गेला तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. रासायनिक खतांच्या खर्चाने आणि जमीन कठीण होत चालल्याच्या अनुभवाने शेतकरी विचारात पडला होता. पुण्यात उदय भवाळकर यांनी गांडुळांवर संशोधन आरंभले, पुढे कृषी विद्यापीठांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी गांडूळखताची प्रात्यक्षिके केली, आणि जो जीव कोणी फुकट घेत नव्हते तो वजनावर विकला जाऊ लागला. आज हिंगोली जिल्ह्यात, जो १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, एखाद्या बागाइतदाराच्या शेडमध्ये डोकावले तर विटांच्या हौदात शेण, कडब्याचे तुकडे आणि पालापाचोळा यांचा थर दिसतो, वर ओले बारदान टाकलेले असते. मूठभर माल दाबून पाहिला असता हाताला ओल लागावी पण पाणी गळू नये, अशी त्याची परीक्षा. दीड-दोन महिन्यांत त्याचे काळे, रवाळ, चहापत्तीसारखे खत होते. मग पाणी तोडतात, माल उजेडात शंकूसारखा रचतात, आणि ओल व अंधार शोधीत गांडुळे तळाशी गेली की वरचे खत हलकेच खरडून घेतात. दुष्काळात काळ्या रानातील गांडूळ ज्या स्वभावामुळे माणसाच्या हाती लागत नव्हते, त्याच स्वभावाचा उपयोग करून आता त्याला खतापासून वेगळे काढले जाते.

येथे एक भेद विसरता कामा नये. हौदात पोसली जाते ती आयसेनिया फेटिडा ही परदेशी जात, शेणात आणि कुजक्या पाल्यात वाढणारी. भेगाळणाऱ्या काळ्या रानात ती टिकाव धरीत नाही. रानातील खोल बिळे करणारा जीव देशी आहे, तो विकत मिळत नाही. त्याला ओल, पालापाचोळा आणि थोडी शांतता दिली तर तो आपण होऊन येतो. हौदातला चाकर पगारी, आणि रानातला वतनदार. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्या मानपत्रात जमिनीचा गुण सांगितला गेला; त्या गुणात या वतनदाराचा वाटा किती, हे सांगणारे मात्र कोणी नव्हते.

तेव्हा गांडुळाचे अन्नमूल्य काय, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. कोष्टकाचे उत्तर असे की, ते डाळीच्या तोडीचे प्रथिन असून साफ करण्यास अवघड आणि मातीच्या दोषांना बळी पडणारे आहे. हिंगोलीचे उत्तर असे की, आमच्याकडे ते मत्स्यांत्राच्या नावाने कधी वाढले गेले नाही, पण ताटाबाहेरही कधी राहिले नाही. पहिल्या पावसानंतर घरच्या बाईने नाक मुरडून जे अंगणातून सारले, ते उकिरड्याच्या ओलीत जाऊन पडते. तेथे शेण, राख आणि केरकचरा यांचे ते पावसाळाभर खत करते. पुढच्या चैत्र-वैशाखात तो उकिरडा गाडीत भरून रानात पसरला जातो. त्या रानात मृगानंतर तिफण चालते, ज्वारीच्या काकरांशेजारी तुरीची ओळ पडते. आणि सुगी झाल्यावर तीच बाई चुलीपुढे बसून भाकरी थापते, वरणात चिमूटभर हळद टाकते आणि घरच्या माणसांना पोटभर वाढते. ताटात काय वाढले आहे, हे तिला ठाऊक नसते. आणि चरकाच्या मते ते ठाऊक नसणेच हितावह.